मेंदूतील अर्बुदाची शस्त्रक्रिया : भुलीचे प्रकार, रुग्णाचे सावरणे आणि वैद्याचे कर्तव्य

विषयप्रवेश

मेंदूतील अर्बुदाची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेला रुग्ण तीन-चार आठवड्यांनी आपल्या चिकित्सालयात येतो. सोबतचे नातेवाईक सांगतात, "डॉक्टरसाहेब, गाठ तर निघाली, पण भुलीचा अंमल अजून उतरलेला नाही. दिवसभर गुंगीत असतात, सांगितलेले लक्षात राहत नाही. बुद्धीला चालना देणारे काहीतरी द्या." हा प्रसंग आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. अशा वेळी ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी यांपैकी एखादा मेध्य कल्प लिहून देण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. त्यामागील हेतू शुद्ध असला तरी एक प्रश्न अनुत्तरित राहतो. रुग्णाची ही अवस्था खरोखरच भुलीमुळे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मेंदूच्या शस्त्रक्रियेत भूल कोणकोणत्या प्रकारे दिली जाते, तिच्यातून रुग्ण किती वेळात बाहेर येतो आणि निरनिराळ्या पद्धतींची तुलना करता काय आढळते, हे पाहणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हे विवेचन वैद्य आणि औषधालयचालक या दोघांच्या उपयोगाच्या दृष्टीने करीत आहोत.

आपल्या परंपरेतील विचार

शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाची वेदना कमी करण्याचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास भोजन द्यावे व वेदना न सोसणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे तो मूर्च्छित होत नाही व त्यास शस्त्राची जाणीव होत नाही, असा आशय आला आहे. बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त तर भोजराजास मोहचूर्णाने बेशुद्ध करून दोघा वैद्यांनी त्याची कवटी उघडल्याची व नंतर संजीवनी देऊन त्यास शुद्धीवर आणल्याची कथा आहे. हा ग्रंथ वैद्यकाचा नसून साहित्याचा आहे; त्यामुळे ती कथा इतिहास म्हणून सांगता येणार नाही. तथापि तिच्यातील एक मर्म आजही लागू पडते. मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला बेशुद्ध करणे हे अर्धे काम असून त्यास योग्य वेळी, शांतपणे शुद्धीवर आणणे हे उरलेले अर्धे काम होय.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आजच्या पूर्ण भुलीत घशाची संरक्षक प्रतिक्रिया नाहीशी होत असल्याने पोटातील अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलका आहार किमान ६ तास आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास वर्ज्य असतात. सुश्रुतोक्त भोजनाचा नियम या भुलीस लागू नाही. पहाटे काढा किंवा दुधातून चूर्ण घेऊन आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, हे आपण रुग्णास आवर्जून सांगितले पाहिजे.

मेंदूच्या शस्त्रक्रियेतील विशेष अडचण

कवटी ही न पसरणारी पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मस्तिष्कद्रव हे तीन घटक असतात. अर्बुद वाढले की उरलेल्या घटकांना जागा अपुरी पडते व आतील दाब चढतो. प्रौढ व्यक्तीत हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या ५ ते १५ मिलिमीटरइतका असतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. त्यामुळे दाब फार वाढून रक्तपुरवठा खुंटला तर हानी त्वरित होते.

म्हणून भूलतज्ज्ञाला एकाच वेळी चार गोष्टी साधाव्या लागतात. मेंदू फुगू न देणे, रक्तदाब स्थिर राखणे, रुग्णास खोकला वा ठसका न येता जागे करणे, आणि तो लवकरात लवकर प्रश्नांना उत्तरे देण्याइतका शुद्धीवर येईल असे पाहणे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेच्या जागी पुन्हा रक्तस्राव झाला, तर त्याची चाहूल बहुतेक वेळा पहिल्या सहा तासांत लागते. जागा झालेला रुग्ण नाव सांगतो, हात-पाय हलवतो, बोट धरतो. त्यात फरक पडला की शल्यवैद्य तत्काळ सीटी स्कॅन करवितात. भूल रेंगाळली तर ही खूण हरवते.

भुलीचे दोन प्रमुख मार्ग

पहिला मार्ग श्वासावाटे देण्याच्या वायुरूप औषधांचा. बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन यांनी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेथपासून ही परंपरा चालत आलेली आहे. आज आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन व डेसफ्लुरेन ही औषधे वापरात आहेत. औषध रक्तात जितके कमी विरघळते तितके ते फुप्फुसावाटे लवकर बाहेर पडते. आयसोफ्लुरेनचा विद्राव्यतांक सुमारे १.४, सेवोफ्लुरेनचा सुमारे ०.६५, तर डेसफ्लुरेनचा सुमारे ०.४२ आहे, त्याच क्रमाने रुग्ण अधिक लवकर जागा होतो. या औषधांचा दोष असा की, ती मेंदूची प्राणवायूची गरज कमी करीत असतानाच त्यातील रक्तवाहिन्या प्रसरण पाववितात. मात्रा वाढली की हा परिणाम वाढतो व फुगवट्यास वाव मिळतो. मात्रा मर्यादित ठेवून आणि श्वसनयंत्राद्वारे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आटोक्यात राखून या दोषाचे निवारण केले जाते.

दुसरा मार्ग शिरेवाटे अखंड औषध देण्याचा. यात प्रोपोफॉल हे प्रमुख औषध असून त्याच्या जोडीस फेंटानिल किंवा रेमिफेंटानिल हे वेदनाशामक असते. प्रोपोफॉल मेंदूची गरज आणि रक्तप्रवाह ही दोन्ही कमी करते. त्यामुळे मेंदू सैल राहण्यास मदत होते. मळमळही कमी होते. हाता-पायांच्या हालचालींचे विद्युत्-संकेत शस्त्रक्रियेच्या वेळी तपासावयाचे असतील, तर वायुरूप औषधे ते संकेत मंद करीत असल्याने हाच मार्ग अधिक पसंत केला जातो. याचा दोष असा की, अनेक तास औषध चालू राहिल्यास ते शरीरातील मेदात साठत जाते व जागे होण्यास उशीर होऊ शकतो. मात्रेचे गणित काटेकोर ठेवावे लागते.

तुलनात्मक अभ्यासांचे निष्कर्ष

या दोन मार्गांची तुलना गेली अनेक वर्षे होत आहे. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२१ रुग्णांना तीन निरनिराळ्या पद्धतींनी भूल देण्यात आली. बारीकसारीक फरक आढळले, परंतु रुग्णांच्या अंतिम स्थितीत महत्त्वाचा फरक दिसला नाही. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११७ रुग्ण होते. त्यात प्रोपोफॉल दिलेल्या गटात कवटीतील दाब कमी होता आणि मेंदूवरील आवरणाचा ताणही कमी आढळला. म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना शिरेवाटे दिलेल्या भुलीचा काही लाभ निश्चित आहे.

हा लाभ जागे होण्याच्या वेळेपर्यंत टिकतो काय? इटलीतील १४ केंद्रांत झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४११ रुग्णांची पाहणी झाली. हालचाल, श्वसन, रक्तदाब, शुद्ध आणि प्राणवायू यांवर आधारलेल्या दहा गुणांच्या मापनात नऊ गुण गाठण्यास किती वेळ लागतो, हे मोजण्यात आले. सेवोफ्लुरेनचे दोन गट आणि प्रोपोफॉलचा एक गट या तिन्हींत हा वेळ सरासरीने तीन ते साडेतीन मिनिटांच्या आसपास होता. शरीरावरील ताणाचे द्योतक असलेली संप्रेरके मात्र प्रोपोफॉलच्या गटात कमी आढळली.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भूलतज्ज्ञांनी २०१६ साली कॉक्रेन मालिकेत या विषयाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात १५ अभ्यास आणि १,८३३ रुग्ण समाविष्ट होते. प्रोपोफॉल व सेवोफ्लुरेन यांच्या अमलातून बाहेर येण्याचा काळ जवळजवळ सारखाच असल्याचे आणि मळमळ-उलटी प्रोपोफॉलमध्ये कमी असल्याचे त्यांस आढळले. उपलब्ध पुराव्याची प्रत उच्च नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

जागेपणी होणारी शस्त्रक्रिया

अर्बुद वाचेच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ असेल, तर काही रुग्णांत शस्त्रक्रियेचा मुख्य भाग रुग्ण जागा असताना केला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही अशा शस्त्रक्रिया होतात. मेंदूच्या ऊतीस स्वतःची वेदनाजाणीव नसते. वेदना टाळूची त्वचा, स्नायू आणि मेंदूवरील आवरण यांस होते. म्हणून टाळूकडे जाणाऱ्या नाड्यांभोवती बधिर करणारे औषध टोचले जाते. रुग्ण बोलत असतो, चित्रे पाहून नावे सांगतो आणि शल्यवैद्य त्यानुसार सीमा ठरवितात.

टाळू बधिर करण्याची हीच युक्ती पूर्ण भूल दिलेल्या रुग्णातही वापरली जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गातील वेदनाशामके कमी लागतात. ही औषधे जास्त झाली तर श्वसन मंदावते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कवटीतील दाब वाढतो. रुग्णाच्या सावरण्यात भुलीच्या मुख्य औषधाइतकेच महत्त्व या सहायक उपायांस आहे.

मग गुंगी कशाची?

उपरोक्त विवेचनातून निघणारा निष्कर्ष वैद्यास फार उपयोगी आहे. पद्धतींमधील फरक मिनिटांत मोजला जातो. भुलीची औषधे काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत शरीरातून उतरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसणारी गुंगी 'भूल उतरली नाही' या सदरात घालता येत नाही.

वृद्ध रुग्णांत मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, क्वचित काही महिने, स्मरण व एकाग्रता मंद राहते, हे खरे. परंतु ही लक्षणे हळूहळू उतरत जातात. म्हणून आम्ही एक साधा विवेक सुचवितो. लक्षणे उतरती आहेत की चढती, हे प्रथम विचारावे. काल चालणारा आज अडखळतो, गेल्या आठवड्यात बोलणारा या आठवड्यात झोपून राहतो, अशी चढती लक्षणे असतील तर कारण वेगळे असते. मेंदूवरील सूज पुन्हा वाढणे, कवटीत हळूहळू रक्त साचणे, मस्तिष्कद्रवाचा मार्ग रोधला जाणे, जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, न दिसणारे अपस्माराचे झटके, अर्बुदाची पुन्हा वाढ, किंवा औषधांची मात्रा बिघडणे ही त्यांपैकी प्रमुख कारणे होत. यांतील अनेक कारणांवर वेळीच उपाय होऊ शकतो. मेध्य रसायन देऊन पंधरा दिवस वाट पाहण्यात ही वेळ निघून जाते.

अपस्मारावरील औषधे आणि आपले कल्प

औषधांची मात्रा बिघडण्याचे कारण पुष्कळदा आपल्याच हातून घडलेले असू शकते. अर्बुदाच्या अनेक रुग्णांना फेनिटॉइन किंवा लेव्हेटिरासिटाम चालू असते. फेनिटॉइनची हितकर मर्यादा अत्यंत अरुंद, रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० ते २० मायक्रोग्रॅम एवढीच आहे. प्रमाण घटले तर झटके येतात. वाढले तर गुंगी, डोळ्यांची थरथर व तोल जाणे ही लक्षणे दिसतात. हीच लक्षणे पाहून नातेवाईक भुलीला दोष देतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावे असे आहे. फेनिटॉइनने आटोक्यात असलेल्या दोन रुग्णांचे झटके शंखपुष्पीयुक्त सिरप सुरू केल्यावर पुन्हा उद्भवले. त्यावरून उंदरांवर प्रयोग केले असता, वारंवार मात्रा दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटल्याचे दिसले. याउलट मिरी व पिंपळीतील पिपरीन हे फेनिटॉइनचे शोषण वाढविते. म्हणजे एक कल्प प्रमाण खाली आणतो, तर त्रिकटुयुक्त दुसरा कल्प वर नेतो. आपले द्रव्य दुर्बळ नाही, हेच यावरून सिद्ध होते. आणि जे दुर्बळ नाही ते बेजबाबदारपणे वापरता येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी कोणती औषधे थांबवावीत

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे वनस्पतिज औषधे थांबवावीत, अशी सूचना भूलतज्ज्ञ सामान्यतः करतात. त्यामागील कारणे पुढीलप्रमाणे.

१. लसणाचे कल्प रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेटच्या कार्यात अडथळा आणतात. गुग्गुळाबाबतही प्रयोगशाळेत असाच परिणाम दिसलेला आहे. मेंदूत थोडाही अधिक रक्तस्राव परवडत नाही.

२. सर्पगंधेतील रिसर्पिन नाड्यांमधील रक्तदाब राखणाऱ्या द्रव्यांचा साठा रिकामा करते. भुलीच्या वेळी रक्तदाब व नाडीची गती अनपेक्षितपणे घसरू शकते. तथापि रक्तदाबाचे औषध म्हणून ती चालू असेल, तर परस्पर बंद न करता पर्यायी औषध ठरवूनच थांबवावी.

३. तगर, जटामांसी, अश्वगंधा यांचा निद्राजनक गुण भुलीच्या औषधांत मिळविला जाऊन जागे होण्यास विलंब होऊ शकतो.

४. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास शरीरात सोडियम साठते व पोटॅशियम घटते. अशा रुग्णास मेंदूची सूज कमी करण्यासाठी मूत्रल औषधे दिली गेल्यास पोटॅशियम आणखी उतरते व हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो.

याच्या जोडीस दोन औषधे कधीही आपल्या मनाने थांबवू नयेत वा थांबवावयास सांगू नयेत. एक अपस्मारावरील औषध आणि दुसरे डेक्सामेथासोन. स्टेरॉइडविषयी आपल्या रुग्णांत मोठी भीती असते. परंतु ते एकदम बंद केल्यास मेंदूची सूज उसळते व दीर्घकाळ घेतलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीचे कार्य कोसळू शकते. ते कमी करण्याचा क्रम शल्यवैद्यच ठरवितात.

मुख्य मुद्दा मात्र औषधे थांबविण्यापेक्षाही ती सांगण्याचा आहे. 'आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचे?' या समजुतीने रुग्ण भूलतज्ज्ञाच्या प्रश्नास 'काही घेत नाही' असे उत्तर देतो. म्हणून वैद्याने आपल्या पत्रावर कल्पाचे नाव, घटक, मात्रा आणि शेवटची मात्रा घेतल्याचा दिनांक लिहून रुग्णाच्या हाती द्यावा.

शस्त्रक्रियेनंतर काय करावे, काय टाळावे

जखम पूर्ण भरून शल्यवैद्यांची अनुमती मिळेपर्यंत शिरोधारा, शिरोअभ्यंग व लेप करू नयेत. नस्य तर कटाक्षाने टाळावे. विशेषतः नाकावाटे पीयूष ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत कवटीच्या तळाची दुरुस्ती नुकतीच झालेली असते; तेथे औषध, तेल वा जोराची शिंक यांनी अपाय होऊ शकतो. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येत असेल, तर रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

वाढती गुंगी, पुनःपुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, नवीन झटका, हात-पाय वा वाचेतील नवीन दुर्बलता, ज्वर, मान आखडणे, एका पायावर सूज ही लक्षणे दिसल्यास चिकित्सा सुरू न करता शल्यवैद्यांशी संपर्क साधावा.

आपल्यासाठी कार्यक्षेत्र उरत नाही, असे मात्र नाही. लघु व पौष्टिक आहाराची योजना, शौचाच्या वेळी कुंथावे लागू नये यासाठी अनुमतीने सौम्य अनुलोमन, निद्रेचे वेळापत्रक, हळूहळू चालणे आणि कुटुंबीयांस धीर देणे यांत वैद्याचे साहाय्य मोलाचे ठरते. दिवसाउजेडी जागे ठेवणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ असणे, ओळखीचा आवाज कानी पडणे हे उपाय वृद्ध रुग्णाचा संभ्रम कमी करण्यास साहाय्य करतात. त्यांस कोणतेही औषध लागत नाही.

औषधालयचालकांस विनंती

पुष्कळ रुग्ण वैद्याकडे न जाता थेट औषधालयातून स्मृतिवर्धक सिरप, लसणाच्या कॅप्सूल किंवा गुग्गुळकल्प नेतात. तेथे वैद्याची दृष्टी पोहोचत नाही. पोहोचते ती औषधालयचालकाची. म्हणून विक्रीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. येत्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली आहे काय? मेंदूची शस्त्रक्रिया झाली आहे काय? फिट्सची गोळी चालू आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास बाटली न देता वैद्याकडे किंवा शल्यवैद्याकडे जाण्यास सांगावे. एका बाटलीची विक्री हुकेल; परंतु त्या रुग्णाचा आणि आपल्या शास्त्राचा विश्वास राखला जाईल.

उपसंहार

सारांश, श्वासावाटे दिलेली असो वा शिरेवाटे, आजची भूल योग्य हाती रुग्णास काही मिनिटांत शुद्धीवर आणते. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदू सैल राखण्यात व मळमळ टाळण्यात प्रोपोफॉल सरस ठरते. जागे होण्याच्या वेळेत मात्र दोन्ही मार्ग जवळजवळ समान आहेत. कोणती पद्धत निवडावी, हा निर्णय भूलतज्ज्ञाचा होय. रुग्णाच्या पोटात कोणते औषध आहे हे त्यास कळविणे आणि आठवड्यांनंतरची चढती गुंगी भुलीच्या माथी न मारता रुग्णास वेळीच परत पाठविणे, हे आपले कर्तव्य होय. पुढील वेळी 'भूल अजून उतरली नाही' हे वाक्य कानी पडेल, तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी आपण 'लक्षणे उतरत आहेत की चढत?' एवढा एक प्रश्न विचारावा, हीच आमची सर्व व्यवसायबंधू-भगिनींस विनंती आहे.